एकविसाव्या मजल्यावरची रापण

आमचं देवबाग किती अरुंद आहे ते आधी सांगून टाकतो. मागच्या दारी उभा राहून मी चूळ टाकली तर ती खाडीत पडते, आणि पुढच्या दारी येऊन दुसरी टाकली तर समुद्रात. मधे जी वाळू उरते तिच्यावर आम्ही राहतो. माझ्याकडे उतरणारे पाहुणे हे ऐकून हसतात. मग मी त्यांना करून दाखवतो. वाऱ्याचा अंदाज घेऊन उभं राहावं लागतं, एवढंच.

तर या पट्टीवर एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घराला घर लागून. त्या टोकाला कुणी शिंपल्यांसाठी कढईत कांदा टाकला की या टोकाचा माणूस विचारतो, "आज तिसऱ्ये काय गो?" लपवून काही करायची सोय नाही. माझ्या लग्नाची बोलणी मला कळायच्या आधी पार खाडी-समुद्राच्या संगमापर्यंत पोचली होती.

म्हणून मुंबईत वहिनीचा टॉवर पहिल्यांदा बघितला तेव्हा मान मागे टाकून मी म्हटलं, अरे, हे तर आमचंच गाव! कुणीतरी एका टोकाला धरून उचललंय आणि उभं करून ठेवलंय. चौतीस मजले. कावळे चौदाव्यावर बसून दम खातात आणि मग पुढे जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वहिनी म्हणते, नाही पाहिलेलं. माझ्या सगळ्या आकड्यांना हरकत घ्यायची तिला जुनी सवय आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी एकोणीस वर्षांचा असताना नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि त्या दोघांच्या चाळीतल्या खोलीत जाऊन पडलो. खोली अशी की दादाला कूस बदलायची झाली तर आधी सगळ्यांना कळवावं लागे. मला जागा मिळाली बाहेरच्या गॅलरीत. पण माझी उंची ही अशी. डोकं आमच्या उंबऱ्याशी टेकवलं की पाय शेजाऱ्यांच्या दारात. पहिल्याच पहाटे शेजारीण पाण्याची कळशी घेऊन बाहेर पडली आणि माझ्यावरून थेट जिन्यापर्यंत गेली. कळशीसकट.

वहिनी तिच्याकडे जाऊन काय बोलली ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं दार सकाळी अर्धंच उघडायला लागलं. दोन फळ्यांपैकी एक मिटलेली, तिच्यापुढे माझे पाय. नवरा, बायको, तीन मुलं आणि एक सायकल, सगळी त्या अर्ध्या दारातून तिरकी होऊन बाहेर यायची. अशी सहा वर्षं. सहा वर्षं माझे पाय दुसऱ्याच्या हद्दीत झोपले आणि कुणी एकदाही त्यांना लाथ मारली नाही.

पुढे मी गावी परतलो, होडी केली, खोल्या बांधल्या, पाहुणे ठेवायला लागलो. इकडे चाळ पाडली. दादा-वहिनीला तात्पुरत्या वसाहतीत धाडलं आणि तिथे वर्षांमागून वर्षं गेली. दादाच्या खिडकीतून लांबवर नव्या टॉवरची क्रेन दिसायची. किती मजले चढले ते तो रोज बोटांनी मोजायचा आणि मला फोन करून सांगायचा. "आज आठ झाले रे." "आज नववो घालतत." अकरापर्यंत मोजून झालं आणि दादा गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. होतो तो मीच. किल्ली आली ती एकट्या वहिनीच्या हातात. एकविसावा मजला, दोन खोल्या, आरशासारखी फरशी.

तिथे ती चार वर्षं राहिली आणि त्या चार वर्षांत तिची शेजाऱ्यांशी ओळख झाली नाही. हे मी वाढवून सांगत नाही. मजल्यावर सहा दारं, सहाही बंद. लिफ्टमध्ये माणसं भेटत, पण ती सगळी वरच्या लाल आकड्यांकडे बघत उभी. फोनवर मी विचारायचो, "कसा वाटता गो वयनी?" ती म्हणायची, "जागा भरपूर आसा भावजीनू. हय कोणाचे पाय नाय."

ते वाक्य मला टोचत राहिलं. मग तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि मी मनाशी पक्कं केलं की आता हिला इथे ठेवायची नाही. माझी बायको इस्पितळात आठ दिवस तिच्याजवळ राहून परत आली. घरी सोडायच्या दिवशी पाळी माझी. मी गावाहून निघालो तो परतीची दोन तिकिटं खिशात घालूनच. दहा दिवसांनंतरची. टाके निघाले की वहिनी देवबागला, कायमची. फोनवर तिला तसं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बघूया."

रिकाम्या हाताने कसं जायचं? बर्फात घालून थर्माकोलचा डबा घेतला. चौदा बांगडे आणि एक सुरमई, माझ्या कमरेएवढी. (वहिनीच्या मते गुडघ्याएवढी, पण त्या दिवसांत तिला सगळीकडे गुडघेच दिसत होते.) डब्याला बांधायला रापणीच्या जुन्या दोराचा तुकडा घेतला, आठ वाव, म्हणजे आठ वेळा हात फाकवून मोजलेला. डब्याला एक वावही पुरला असता. पण मी कापाकापी करत नाही, गुंडाळत राहतो.

गाडीतून उतरून तसाच इस्पितळात, तिथून वहिनीला घेऊन टॅक्सीने टॉवरखाली. दुपारचे बारा. दारात वॉचमन. त्याने आधी वहिनीचा पाय बघितला, मग माझा डबा, आणि मग पडेल चेहऱ्याने म्हणाला, "आजी, लिफ्ट बंद आहे. खाली खड्ड्यात पाणी शिरलंय. तिन्ही बंद. माणूस उद्या सकाळी येणार."

मी वहिनीला म्हटलं, "हयच सोफ्यार आडवी हो. उद्या वर जावया."

खालच्या दालनातल्या त्या सोफ्यावर कुरियरच्या खोक्यांची रास होती. वहिनीने रासेकडे पाहिलं. "हय? पार्सल समजान कोणीतरी उचलून व्हरतलो माका. आणि सुरमईचा काय करतलास? ती उद्यापर्यंत रवतली?"

ऑपरेशन झालेल्या बाईला स्वतःच्या पायापेक्षा सुरमईची काळजी. मी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, वहिनीला तिच्यात बसवलं, डब्याचा दोर सोडला आणि खुर्चीच्या बैठकीखालून, हातांमधून असा बांधला की वादळात होडी सुटेल पण ती खुर्ची सुटणार नाही. मागून वॉचमन उचलणार, पुढून मी जिन्याच्या वरच्या वळणावर उभा राहून ओढणार. वहिनीचं तोंड खाली, पाठ माझ्याकडे. डबा तिच्या मांडीवर.

पहिला मजला चढलो. दुसऱ्यावर वॉचमनचे डोळे पांढरे व्हायला लागले. आणि तिथे माझ्या हातून चूक झाली.

ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांना सांगतो. होडीने समुद्रात अर्धगोल फिरत लांबच लांब जाळं सोडायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. नियम एकच: ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. आमच्याकडे एक म्हातारा होता. शेवटी शेवटी तो नुसता हात ठेवून चालायचा. तो दोराला ओढतोय की दोर त्याला, हे कुणी विचारलं नाही. त्यालाही वाटा. एका पाहुणीने फोटोपुरता दोर धरला. तिला चार बांगडे मिळाले आणि ती किंचाळत गाडीत जाऊन बसली, कारण ते उड्या मारत होते. पण वाटा दिला तो दिलाच.

तर दुसऱ्या मजल्यावर दोर हातात, अंगाला घाम, वर चढण. सवयीने तोंडातून हाळी निघून गेली: "येवा रेऽऽ! हात लावतलो त्याका वाटोऽऽ!"

माझा आवाज लाटांवरून पलीकडच्या होडीत पोचवायला बनलेला आहे. त्या सिमेंटच्या जिन्यात तो चौतिसाव्या मजल्यावर आदळून परत खाली आला.

वहिनी मान वळवून म्हणाली, "भावजीनू, काय बोललात ह्या? मासे किती हाडलात?"

"गप बस गो. हयल्यांका काय कळता वाटो म्हणजे काय?"

"तेंका नाय कळना. माका कळता मां."

पण आता उशीर झाला होता. धाडधाड दारं उघडायला लागली. बहुतेकांना वाटलं, आग लागली. खाण्याचे डबे पोचवणारा एक गडी पाठीवर पिशवी घेऊन खालून येत होता. त्याने काही न विचारता खुर्चीची दुसरी बाजू उचलली. चौथ्या मजल्यावरचा गृहस्थ कानात यंत्र घालून मीटिंगमध्ये होता. वर कडक शर्ट, खाली हाफ पँट. त्याने एका हाताने दोर धरला आणि तोंडाने इंग्रजीत कुणाची तरी खरडपट्टी चालू ठेवली. दोराला हिसका बसला की त्याचा आवाज चढायचा. पलीकडचा माणूस घाबरला असावा.

सहाव्यावर एक मुलगी भेटली. नर्स. कुठल्यातरी इस्पितळातून ड्युटी करून सतराव्या मजल्यावर घरी चालली होती, थकून काळवंडलेली. तिने दोराला हात लावलाच नाही. वहिनीचा पाय बघितला आणि मला म्हणाली, "काका, पाय असा लोंबता नाय ठेवायचा." मराठी मोडकं, हात पक्के. तिने तो पाय दोन्ही तळव्यांवर घेतला, दिवा घ्यावा तसा, आणि उलट्या पावलांनी... नाही, वहिनी सांगते उलट्या नाही, बाजूने... एकेक पायरी चढायला लागली.

नवव्यावर एक बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. डब्याच्या वासाने त्यांनी पदर नाकाला लावला, तो तसाच दातात धरला आणि दोन्ही हात दोराला घातले. मी मनात त्यांना नमस्कार केला. माझे हात मोकळे नव्हते.

अकराव्या मजल्याच्या वळणावर वहिनी एकदम म्हणाली, "थांबवा. हय वायच थांबवा."

सगळे थांबले. कुणाला वाटलं पाय दुखला. नर्सने नाडी धरली. वहिनीने भिंतीवर रंगवलेल्या त्या ११ आकड्याकडे बघितलं, हात लांब करून भिंतीला लावला. मला म्हणाली, "ह्यांची मोजणी हयसर इल्ली."

मी हो म्हटलं. बाकीच्यांना काही कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थाने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. मोजून अर्धं मिनिट आम्ही तिथे उभे होतो. मी मोजणीचा इतका खरा आयुष्यात कधी नव्हतो.

मग वहिनीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला." आणि तिथून पुढे प्रत्येक मजल्याला ती मोठ्याने मोजायला लागली. "बाराऽ!" तशी मागची माणसंही म्हणायला लागली, "बाराऽ!" तेराव्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि दोरावर नुसता हात ठेवून चालू लागले. मला आमचा म्हातारा आठवला. "चौदाऽ!" कावळे दम खात होते. सतराव्यावर नर्सने मला दोरावरून बोलावून पाय माझ्या हातात दिला, कसा धरायचा ते दोनदा दाखवलं, आणि "मला परत ड्युटीला जायचंय" म्हणून दार लावून घेतलं. शेवटी "एकवीऽस!" असा गजर झाला तेव्हा दोराला सत्तर माणसं होती. आठ वावाच्या दोराला सत्तर माणसं कशी मावली ते मला विचारू नका.

"अडतीस," वहिनी म्हणाली. "मी खाली तोंड करून बसललंय. जो तो माझ्यासमोरसून दोराक गेलो. सगळ्यांचे चेहरे बघितलंय."

तिचं खरं धरा.

आत जाऊन तिने पाय स्टुलावर ठेवला आणि पहिला प्रश्न केला, "अडतीस वाटे. कसे करतलास?"

"वयनी, लोक गेले आपापल्या घराक. तेंच्या ध्यानात पण नाय."

"हाळी कोणी मारल्यान? मी?"

मी विळी घेतली. ती खुर्चीवरून हुकूम सोडत होती, मी कापत होतो. सुरमईच्या तुकड्या इतक्या पातळ केल्या की एकेकीतून समोरचा टॉवर दिसत होता. बांगड्यांची तीन-तीन खांडं. दोन नारळांचं वाटण, तिरफळं, टोप भरून माशांचं तिखलं. मग मी मजल्यामजल्यावर जिने उतरून घंटा वाजवत फिरलो: "वाटा न्यायला या." लोक मला वेडा समजले असतील, पण आले. वाट्या घेऊन आले, मुलं घेऊन आले, काही नुसते बघायला आले. नवव्यावरच्या बाईंसाठी सोलकढी. त्या आधी दाराबाहेर उभ्या राहून प्यायल्या, दुसरा पेला आत बसून. डबे पोचवणाऱ्या गड्याला वॉचमन शोधून घेऊन आला. तो सगळ्यांचं जेवण पोचवतो, त्याला कुणी वाढून दिलेलं नव्हतं. मांडी घालून दोन ताटं जेवला. तेराव्यावरचे म्हातारे म्हणाले, "मी तर नुसता हात ठेवला होता हो."

"म्हणान तर तुमका मधली तुकडी," वहिनी म्हणाली.

माणसं इतकी येत-जात होती की दार सारखं उघडायला कोण उठणार? मी त्या दोराची चुंबळ करून दाराच्या फटीत अडकवली. दार अर्धं उघडं राहिलं. वहिनी बराच वेळ त्या अर्ध्या दाराकडे बघत होती.

सदतीस वाटे गेले. एक उरला, नर्सचा. सतराव्या मजल्यावर मी दिवसातून तीनदा घंटा वाजवली. कुलूप. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, तिच्या भावाचं लग्न आहे, ड्युटी करून तशीच गावी गेली, कधी येईल ठाऊक नाही. वहिनीने सुरमईच्या दोन तुकड्या, पातळ नव्हे, आधीच बाजूला काढलेल्या चांगल्या जाड, फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या खणात ठेवल्या.

दहा दिवस गेले. टाके निघाले. तेराव्यावरचे म्हातारे, लिफ्ट चालू झाली तरी, सकाळी यायचे आणि तिच्याकडून मुद्दाम हरून घेत पत्ते खेळायचे. नवव्यावरच्या बाई वासाचा दिवस चुकवून यायच्या. मी बॅग भरली. वहिनीची लुगडी घालायला दुसरी बॅग उघडली तर ती जागची हलेना.

"वयनी, गाडी चाराची आसा."

"त्या नर्स चेडवाचो वाटो रवलो."

"वॉचमनकडे देवया. तो देतलो तिका."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा एकोणीस वर्षांचा झालो. "भावजीनू, तुमी रापणकार मां? वाटो हातात देवचो आसता. त्या चेडवान दोर नाय धरल्यान. माझो पाय धरल्यान. अकरा मजले."

"आणि ती महिनोभर इली नाय तर?"

"मगे महिनोभर रवान."

मी भांडलो. पडवीची ताजी हवा, समुद्राचं वारं, माझ्या बायकोच्या हातचं जेवण, सगळं सांगितलं. आमच्या गावात माणूस एकटं राहूच शकत नाही, जागाच नाही, हेही सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तिची नजर अर्ध्या दाराकडे होती. बाहेर लिफ्टचा आवाज झाला की ती मान उंच करून बघायची, कोण येतंय. तेव्हा मला कळलं. मग मी तिची बॅग मिटली. तिने माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. मधे दुसऱ्यांदा मागवलेल्या मासळीतला तळलेला बांगडा. "तुमचो वाटो. तुमी पण ओढलात."

गाडीत माझ्या बाजूची सीट रिकामी. तिच्यावर मी थर्माकोलचा रिकामा डबा ठेवला. कंडक्टरने विचारलं, "इथे कोण आहे?" मी म्हटलं, "आमच्या वहिनी." तो डब्याकडे बघून पुढे गेला. मुंबई संपायच्या आत मी बांगडा काट्यासकट खाल्ला.

तीन आठवड्यांनी दुपारी मी होडीला रंग देत होतो आणि वहिनीचा फोन आला.

"इला."

"कोण?"

"चेडू, सतराव्यावरचा. दोन तास बसलेला. वाटो खाल्ल्यान, भात मागान घेतल्यान. आणि हयच सोफ्यार झोपला, बूट न काढता. पाय पार दारात इले तेचे."

मी ब्रश खाली ठेवला. "मगे वाटे संपले. आता येव तुका न्हेवक?"

पलीकडे लिफ्टच्या दाराचा आवाज, मग कुणाच्यातरी चपला, मग वहिनी कुणालातरी म्हणाली, "वायच हळू, तेका उठवू नकात." मग मला म्हणाली, "भावजीनू, मासे संपले. मोठो डबो पाठवा."

"पाठवतंय. आणि तो दोर परत दी. डबो बांधूक माका काय नाय."

"दोर नाय मिळाचो. तो दारात आसा."

तेव्हापासून दर पंधरवड्याला माझा डबा मुंबईच्या गाडीत चढतो. बांधायला सुतळी घेतो. चौदा बांगडे घालतो, कधी पंधरा.